हॉटेल प्राचीच्या भिंतीवरचा कोंबडा

वडूजच्या आकाराम पेंटरचा एक नेम आहे. ज्या हॉटेलची भिंत रंगवायची, तिथं तो आधी जेवतो. गडबड करत नाही. ताट पुढ्यात ओढतो, भाकरी कुस्करतो, वर रस्सा ओततो आणि समोर कोण बसलंय याकडं न बघता शेवटच्या घासापर्यंत जेवतो. हात धुतले, चूळ भरली, की मग ब्रश भिजवतो. जे पोटात गेलं नाही ते भिंतीवर येणार नाही, असं त्याचं सरळ म्हणणं. खटावच्या माळावर पाऊस कधी येतो, कधी चुकतो, पण आकारामचा हा नेम चाळीस वर्षांत चुकला नव्हता. चुकला तो एकदाच, आणि त्या एका चुकीपायी त्याची भिंत झाकली जायची वेळ आली.

ती हकिकत सांगायचीच आहे, पण भिंतीआधी माणूस सांगितला पाहिजे.

आकाराम बासष्टचा आहे. अंगानं ज्वारीच्या धाटासारखा, उंच आणि वाळका. कानामागं पेन्सिल, नखांत रंग, आणि चालताना नजर कायम भिंतींवर, त्यामुळं गावातली निम्मी कुत्री त्याच्या पायाखाली येऊन केकाटलेली. शाळा सातवीपर्यंत. चित्रकला त्याला कुणी शिकवली नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या जाहिराती भिंतीवर लिहिता लिहिता एकदा अक्षरांशेजारी जागा उरली. तिथं त्यानं दंड थोपटणारा एक पैलवान काढला. पैलवान असा उतरला की लोक कुस्तीची तारीख वाचायचं सोडून पैलवानाच्या मांडीवर चर्चा करत बसले. तेव्हापासून अक्षरं मागं पडली आणि चित्रं पुढं आली.

महाबळेश्वरात एका हॉटेलच्या दाराशी त्यानं मलईत बुडालेली स्ट्रॉबेरी काढली आहे. तिथला पाऊस असा, की चार महिन्यांत तिचा लाल रंग धुपतो आणि ती बटाट्यासारखी दिसायला लागते. दर हिवाळ्यात पहिली फळं निघाली की आकाराम तिकडं जातो, आधी वाटीभर खातो आणि मग बटाट्याची पुन्हा स्ट्रॉबेरी करून खाली येतो.

आटपाडीच्या खानावळीची गोष्ट तर अजून सांगतात. तिथं तो मटण जेवला तेव्हा ताटात पाच फोडी आल्या. म्हणून त्यानं भिंतीवर पाच काढल्या. पुढं मालकानं पाचाच्या चार केल्या. गिऱ्हाईक भिंतीकडं बोट करून विचारायला लागलं, "मालक, वर पाच हायती. पाचवी कोन खाल्ली?" मालक धावत वडूजला आला.

"पेंटर, येक फोड पुसा की गड्या."

"मी पाच खाल्ल्यात," आकाराम म्हणाला. "पुसायची आसंल तर तुमी पुसा. माझा हात न्हाई वळायचा."

मालकाचाही हात वळला नाही. पाच फोडी पुन्हा सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत.

मग डिजिटल फ्लेक्स आले. सकाळी सांगितलं की दुपारपर्यंत तयार. पुण्यामुंबईच्या कुठल्या तरी हॉटेलातलं ताट, कोथिंबीर भुरभुरलेलं, चकचकीत, सगळ्यांकडं एकच. विट्यातल्या हॉटेलवर जी पनीरची वाटी, तीच कराडच्या हॉटेलवर. आकारामच्या भिंती एकेक करून त्या कापडाखाली गेल्या. भिंत पुसली असती तर त्याला एवढं वाटलं नसतं. खाली चित्र तसंच आहे आणि वर कापड टांगलंय, हे त्याला फार लागायचं. जिवंत माणसाच्या तोंडावर कुणी चादर ओढावी तसं.

बायको बनुबाई त्याला टोमणे मारायची, पण त्यात माया असायची. "घरातली न्हाणी तेवढी रंगवायची राहिलीया," ती म्हणायची. "तितं तरी डिजिटल न्हाई."

अशात गेल्या हिवाळ्यात इस्लामपूर-सांगली रस्त्यावर आष्ट्याच्या अलीकडं धनपालआण्णांनी हॉटेल काढलं. धनपाल हे जैन शेतकरी. बारा एकर ऊस, दारात चार म्हशी, बोलणं हळू आणि हिशेबशीर. हॉटेलला नाव मुलीचं दिलं: हॉटेल प्राची. स्वयंपाकघर बायकोच्या, चंदनबालांच्या हातात. त्यांची शिस्त कडक. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. दिवस मावळला की शेगडी बंद. हायवेवरचं हॉटेल आणि दिवस मावळल्यावर बंद! लोक हसायचे. चंदनबाला म्हणायच्या, "हसू द्या. हसून भूक लागती."

प्राची पुण्याला शिकते. जुन्या इतिहासाचं, उत्खननाचं. जमीन खणून जुन्या लोकांची भांडीकुंडी काढायची आणि त्यावरून ते काय खात होते, कसे राहत होते ते सांगायचं. धनपालआण्णांना हे शिक्षण फारसं उमगलं नव्हतं, पण पोरगी खणायचं शिकतेय म्हणजे शेतकऱ्याच्याच वळणावर गेली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. हॉटेल निघालं तेव्हा प्राचीनं हट्ट धरला: भिंत हातानं रंगवून घ्यायची. तिनंच कुठून तरी आकाराम पेंटरचं नाव काढलं, आणि फोन वडूजला आला.

आकाराम दोन गाड्या बदलून गेला. खटावचा उघडा बोडका माळ मागं पडला, कृष्णाकाठचा ऊस दोन्ही अंगांनी उभा राहिला. वाटेत त्यानं मनाशी ठरवून टाकलं, ही भिंत नीट जमली तर आणखी चार येतील. आणि हीसुद्धा उद्या झाकली गेली, तर ब्रश रॉकेलमध्ये धुऊन फळीवर ठेवून द्यायचे. पुन्हा हात लावायचा नाही. निघताना त्यानं बनुबाईला तसं सांगितलंही होतं. तिनं डब्यात एक भाकरी जास्त घातली होती.

नेमाप्रमाणं तो आधी जेवला. चंदनबालांनी स्वतः वाढलं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, ताक, आणि शेवटी हुग्गी. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. गूळ घातलेली, दाट, वर तुपाचं तळं. आकारामनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"पेंटरभाऊ, गोड जास्त झालं का?" चंदनबालांनी विचारलं.

"वैनी, बोलू नगा. मी रंग बघतुया."

हुग्गीचा तो तपकिरी, तुपानं उजळलेला रंग मनात धरून तो उठला. आता हात धुवायचे आणि भिंतीला भिडायचं. सगळं नेमाप्रमाणं चाललं होतं. तेवढ्यात प्राची लॅपटॉप घेऊन आली.

"काका, काढायच्या आधी हे एकदा बघा."

पडद्यावर एका हॉटेलचं चित्र होतं. इटलीतल्या पॉम्पेई नावाच्या शहरातलं. दोन हजार वर्षांपूर्वी शेजारचा डोंगर फुटला आणि सगळं गाव राखेखाली गाडलं गेलं. अलीकडं राख उकरली तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर हे हॉटेल निघालं. दगडी कट्टा, त्यात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. रांजणांत गरम कालवण. त्या गावातल्या पुष्कळ गरिबांच्या घरी नीट चूलच नसायची, ते येता-जाता अशा कट्ट्यावर जेवायचे, असं प्राचीनं सांगितलं. आणि कट्ट्याच्या दर्शनी अंगावर चित्रं. पिवळ्या रंगावर एक ताठ मानेचा कोंबडा. दोन बदकं, उलटी टांगलेली. गळ्यात दोरी बांधलेला एक काळा कुत्रा.

आकाराम दोन पावलं पुढं सरकला. लॅपटॉपच्या एवढ्या जवळ गेला की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.

"पिवडी हाय ही," तो पुटपुटला. "हा गेरू. ही काजळी. आगं, हे तर आपलंच रंग. आमचा आजा ह्याच रंगानं देवळाच्या भिती रंगवायचा."

"ओल्या गिलाव्यावर रंग देत होते, काका. गिलावा सुकताना रंग आत धरून ठेवतो. म्हणून टिकला."

"आनि ह्या पेंटरनं आधी मान काढलीया, मग अंग," आकाराम म्हणाला. "शेपटीपाशी त्याचा ब्रश फाकलाय बघ. जुना ब्रश हुता बिचाऱ्याचा. नाव काय त्याचं?"

"नाव कुणालाच माहीत नाही."

मग प्राचीनं दाखवलं, की कुत्र्याच्या चित्राच्या चौकटीवर कुणीतरी खिळ्यासारख्या टोकदार वस्तूनं शिवी कोरली होती. आकाराम एवढा हसला की स्वयंपाकघरातून चंदनबाला बाहेर आल्या.

"म्हंजी तितंबी हायतीच की भितीवर लिवनारी!"

प्राचीनं त्याच गावातल्या दुसऱ्या एका दारूगुत्त्याची चित्रं दाखवली. त्यात माणसं होती आणि त्यांच्या डोक्यांवर त्यांचं बोलणं लिहिलेलं होतं. दोघं फाशांच्या खेळावरून भांडतायत, आणि मालक त्यांना म्हणतोय, भांडायचं तर बाहेर जा. आकारामनं ते प्राचीकडून तीनदा वाचून घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा, नाव नसलेला, फाकलेल्या ब्रशचा पेंटर, आणि त्याचा कोंबडा अजून ताठ मानेनं उभा. आकारामचं मन त्या कोंबड्यात अडकलं. हुग्गीचा रंग मनातून उतरला आणि पिवडी चढली.

"असंच काढूया," प्राची म्हणाली.

"असंच," आकाराम म्हणाला. आणि चाळीस वर्षांचा नेम तिथं मोडला.

चंदनबाला पदराला हात पुसत म्हणाल्या, "कोंबडा कशाला गं?"

"आई, हा रोमन कोंबडा आहे."

"रोमन असला तरी कोंबडाच की."

धनपालआण्णा मुलीच्या शब्दाबाहेर नव्हते. शेवटी चंदनबालांनी एकच अट घातली: मेलेलं काही नको. म्हणून आकारामनं उलटी टांगलेली बदकं सुलटी करून चालती केली, कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली, आणि कोंबडा तर मुळातच जिवंत होता. पाच दिवस तो भिंतीशी लागला. पिवडी घोटली, गेरूचा पट्टा ओढला. डोळा त्यानं शेवटी काढला, कारण डोळा तो नेहमी शेवटीच काढतो. कोंबड्याची नजर त्यानं सरळ रस्त्यावर रोखली. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं तो बघणार. सहाव्या दिवशी तो वडूजला परतला आणि बनुबाईला म्हणाला, "आज मरण आलं तरी चालंल."

"मरू नगा," ती म्हणाली. "दळण आनायचं हाय."

आता सातारा-सांगलीकडं रस्त्यावरच्या हॉटेलाच्या भिंतीवर कोंबडा असला, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोराला कळतो. गावरान मिळेल. खाली "शुद्ध शाकाहारी" असं हातभर लिहिलेलं असलं तरी भुकेला माणूस अक्षरं वाचत नाही. आकारामला हे कळायला हवं होतं. चाळीस वर्षांत त्यानं स्वतः किती तरी कोंबडे काढले होते, आणि प्रत्येक कोंबडा आधी खाल्ला होता.

पहिल्याच रविवारी सुभेदार मानसिंग आपल्या चार दोस्तांना घेऊन उतरले. सुट्टीवर आलेले, मिशा पिळलेल्या, आवाज परेडचा.

"आण्णा, पाच माणसं हाय. फुल कोंबडा लावा. रस्सा झणझणीत."

"इथं कोंबडा मिळत नाही, सुभेदारसाहेब," धनपालआण्णा म्हणाले.

"मग भितीवर कोन हाय? तुमचा पाव्हना?"

दोस्त टेबल बडवून हसले. "रोमन हाय तो," धनपालआण्णांनी सांगून बघितलं.

"रोमन का आसंना, शिजवा की! आमी सरहद्दीवर काय काय खाल्लंय!"

भाकरी आणि दोडका ऐकून ते उठून गेले. जाताना मानसिंगांनी कोंबड्याला कडक सॅल्यूट ठोकला. दिवसभरात अशा सात गाड्या थांबल्या आणि सातही गेल्या. ज्यांना शाकाहारी हवं होतं ते कोंबडा बघून थांबतच नव्हते. आणि बुधवारी धनपालआण्णांच्या गावचे जैन वडीलधारे मोटारीतून आले, भिंतीपाशी उतरले, काठी टेकून बराच वेळ बघत राहिले.

"धनपाल," त्यातले एक म्हणाले, "शेतात ऊस कमी पडला काय रं, म्हणून हे सुरू केलंस?"

पाणीसुद्धा न पिता ते गेले. त्या दिवसापासून चंदनबाला मागच्या दारानं यायला लागल्या. भिंतीकडं बघायच्या नाहीत. धनपालआण्णांनी सांगलीला फोन करून फ्लेक्स सांगितला. भिंतीच्या मापाचा, कडेला पितळी रिंगा लावून. सोमवारी दुपारी येणार.

प्राची तेव्हा पुण्याला होती. तिनं आकारामला फोन केला. "काका, कोंबडा बघून लोक परत जातायत. सोमवारी त्यावर फ्लेक्स येतोय. माझी चूक झाली," ती म्हणाली.

आकाराम फोन ठेवून ओट्यावर बसून राहिला. बनुबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता ती म्हणाली, "तुमी काय जेवला हुता तितं?"

"हुग्गी."

"आनि काढलं काय?"

आकारामनं नखातली पिवडी पेन्सिलीच्या टोकानं उकरली.

"दुसऱ्याच्या ताटातलं काढलंसा," ती सुपातला खडा टाकत म्हणाली. "तुमचं ताट तसंच राह्यलं."

सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं आकाराम निघाला. पिशवीत ब्रश होते. पुढं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. कोंबडा पुसून तिथं हुग्गीची वाटी काढावी, असं एक मन म्हणत होतं. पण दोन हजार वर्षं जो राखेतून वाचला, त्याला आपल्या हातानं पुसायचं? आटपाडीची एक फोड पुसली नव्हती त्यानं.

हॉटेलवर पोचला तेव्हा सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर पडलं होतं. धनपालआण्णांनी त्याला बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "जय जिनेंद्र, पेंटर. तुमच्या कामात खोट नाही हो. पण दुपारी टेम्पो येतोय."

"येऊ द्या, आण्णा. तवर बसू का हितं?"

समोरच्या कडुलिंबाखाली तो टेकला. भिंत आणि तो, दोघंच समोरासमोर. कोंबडा रस्त्याकडं बघत होता. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या.

मागच्या दारानं चंदनबाला आल्या. हातात परात. अंगणाच्या कडेला त्या उभ्या राहिल्या आणि मूठ मूठ ज्वारी टाकायला लागल्या. हा त्यांचा रोजचा शिरस्ता होता. पाखरांना घातल्याशिवाय त्या शेगडी पेटवत नाहीत. चिमण्या उतरल्या, साळुंक्या उतरल्या, दोन होले आले. आणि मग शेजारच्या वस्तीवरून, कुंपणाच्या तारेखालून मान घालून, एक कोंबडा आत आला. तांबडा, टेचदार, शेपटीला काळी झाक. पाटलाच्या लग्नाला आल्यासारखा डुलत आला आणि थेट परातीपाशी जाऊन उभा राहिला.

"आलास?" चंदनबाला म्हणाल्या. "काल कुठं हुतास? खा बाबा, पोटभर खा. हितं तुला कोन काय करत न्हाई."

कोंबड्यानं एक दाणा टिपला, मान वर केली, आणखी मागितल्यासारखं कर्र केलं. चंदनबालांनी आणखी एक मूठ टाकली. "आनि वाढू? घे."

लिंबाखाली आकाराम हसायला लागला. आधी गालांत, मग पोटातून, मग सगळा वाळका देह हलवत. धनपालआण्णा घाबरून बाहेर आले. त्यांना वाटलं माणसाला धक्का बसला.

"आण्णा," डोळे पुसत आकाराम म्हणाला, "ह्यो तुमचा रोजचा गिऱ्हाईक हाय व्हय?"

"कोंबडा? रोज येतो. ह्यांनी लाडावून ठेवलाय."

"मग त्याला जेवायला बसवायला नगं?"

त्यानं आधी काय केलं, तर चंदनबालांकडून वाटीभर हुग्गी मागून घेतली. तिथंच लिंबाखाली बसून खाल्ली. रंग पुन्हा मनात धरला. मग हात धुतले, चूळ भरली, आणि उठला.

दुपारपर्यंत त्याचा हात थांबला नाही. कोंबड्याखाली त्यानं पाट मांडला, पाटापुढं ताट. ताटात भाकरी, दोडका, चटणीचा गोळा, आणि मधोमध हुग्गीची वाटी, वर तुपाचं तळं. बदकं शेजारच्या पाटावर जोडीनं बसली. कुत्रा जेवून झाल्यासारखा पाय पसरून आडवा. आणि वाढायला, हिरव्या साडीत, हातात पळी घेतलेली एक बाई. तिचं तोंड त्यानं स्पष्ट काढलं नाही, पण पदर खोचायची ढब चंदनबालांचीच होती. मग कानामागच्या पेन्सिलीनं आधी आखून, ब्रशनं त्यानं त्या जुन्या दारूगुत्त्यातल्यासारखं प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं बोलणं लिहिलं. बाईच्या डोक्यावर: "आणखी वाढू?" कोंबड्याच्या डोक्यावर: "हुग्गी वाढा, वैनी." बदकांच्या वर: "आमी जोडीनं आलोय." कुत्र्याच्या वर: "माझं झालं." आणि दाराच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: "भांडायचं आसंल तर भाईर."

सगळ्यात शेवटी त्यानं डोळा घेतला. रस्त्यावर रोखलेली ती नजर काजळीनं बुजवली आणि नवा डोळा काढला. आता कोंबडा खाली बघत होता. ताटाकडं. रस्त्यावरून कोण जातंय याचं त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

टेम्पो अडीचला आला. ड्रायव्हर ऋषिराज, सांगलीचा, फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकून उतरला. दोन पावलं चालला आणि थांबला. ओठ हलवत वाचायला लागला. "हुग्गी वाढा, वैनी." गुंडाळी तिथंच खाली टाकून तो पोट धरून बसला.

"आण्णा, ह्याच्यावर लावायचंय?"

धनपालआण्णांनी भिंतीकडं बघितलं, गुंडाळीकडं बघितलं. मग त्यांनी बायकोकडं बघितलं. कारण खरा निकाल तिथं होता. चंदनबाला पाच दिवसांनी पहिल्यांदा पुढच्या दारात येऊन उभ्या होत्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या. आकारामनं हातातला ब्रश मांडीला पुसला.

"पेंटरभाऊ," शेवटी त्या म्हणाल्या, "पळी डाव्या हातात धरलीया माझी. मी उजव्यानं वाढती."

आकारामनं मुकाट्यानं पळी उजव्या हातात दिली.

"आता झालं," त्या म्हणाल्या, आणि ऋषिराजकडं वळल्या. "तू जेवलास का रं?"

फ्लेक्स म्हशींच्या गोठ्यावर गेला. त्यावरची पनीरची वाटी आभाळाकडं तोंड करून आहे, आणि तिच्यावर बहुतेक वेळ कावळे बसलेले असतात.

पुढच्या रविवारी सुभेदार मानसिंग पुन्हा त्या रस्त्यानं चालले होते. गाडी पुढं गेली आणि करकचून मागं आली. दोस्तांसह उतरले, भिंत वाचली, मोठ्यानं वाचून दाखवली, आणि आत येऊन बसले.

"आण्णा, त्यो बसलाय त्या लाईनीत आमालाबी बसवा. त्याला जे वाढलंय तेच. ऑर्डर इज ऑर्डर."

हुग्गी तीनदा मागून घेतली त्यांनी. गावचे वडीलधारेही आले, काठी टेकून वाचलं, आणि त्यातला सगळ्यात कडक म्हातारा हळूच म्हणाला, "कोंबडा बरा वळणावर आलाय." पाणी प्यायले, जेवूनही गेले. आता त्या भागात कुणी हॉटेल प्राची म्हणत नाही. कोंबडा जेवतो ते हॉटेल, एवढं सांगितलं की पुरतं.

सुट्टीत प्राची आली तेव्हा आकारामही आला होता, भिंतीवरची धूळ पुसायला. दोघं लिंबाखाली बसले. समोर खरा कोंबडा दाणे टिपत होता, आणि भिंतीवरचा हुग्गीकडं बघत होता.

"काका, एक सांगू? त्या रोमन हॉटेलच्या रांजणांत हाडं सापडली. बदकाची, शेळीची, डुकराची. त्यावरून त्यांनी ठरवलं, की चित्रांतलं बदक तिथं खरंच शिजत होतं."

"मग?"

"मग दोन हजार वर्षांनी कुणी हे हॉटेल खणलं, तर त्यांना भिंतीवर कोंबडा दिसेल. खणून खणून दमतील, पण एक हाड सापडणार नाही. वेडे होतील ते."

आकाराम उठला, पेन्सिल काढली, आणि भिंतीच्या तळाशी, गेरूच्या पट्ट्यावर, आजवर कुठल्याच भिंतीवर लिहिलं नव्हतं ते त्यानं लिहिलं: "आकाराम, वडूज. आधी जेवला, मग काढलं."

"आता न्हाई यडी व्हायची ती," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. आतून चंदनबालांनी ताट वाढल्याची हाक दिली होती.